टेबलावर जोडलेला ईसीएम प्रतिसाद देत नाही. वायरिंगची खात्री कशी करावी?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

सर्व जाणकारांना नमस्कार.

वागळे इस्टेटमध्ये माझे मोटारींच्या विजेच्या कामाचे छोटे गॅरेज आहे. वायरिंग, स्टार्टर, अल्टरनेटर आणि स्कॅनरची कामे मी बारा वर्षे करत आलो आहे. परंतु इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गाडीतून काढून टेबलावर जोडायचा आणि त्यातील डेटा वाचून दुसऱ्या ईसीएममध्ये उतरवायचा, हे काम मी प्रथमच हाती घेतले आहे. म्हणून मी जे केले ते काहीही न लपवता सविस्तर लिहितो.

गाडी एमएच ०४ क्रमांकाची, बीएस ४ काळातील डिझेल हॅचबॅक आहे. जुलैमध्ये ठाण्याच्या वंदना परिसरात साचलेल्या पाण्यातून ती बाहेर काढल्यावर आठवडाभरात ती चालता चालता बंद पडू लागली, आणि शेवटी स्कॅनरला इंजिनचा ईसीएम दिसेनासाच झाला. ईसीएमचा कपलर (तारांचा जोड) उघडल्यावर आतील काही पिनांवर हिरवट क्षार चढलेले आढळले. मालकाशी बोलून, जुन्या ईसीएमवर छापलेल्या हार्डवेअर क्रमांकाशी अक्षरशः जुळणारा वापरलेला ईसीएम मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पक्क्या बिलावर आणला. जुन्यातील सगळा डेटा वाचून या दुसऱ्यात लिहायचा, असा बेत आहे, कारण तसे केले तर इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) आणि चाव्या पुन्हा शिकवाव्या लागणार नाहीत.

इंटरनेटवर याच कंपनीच्या एका जवळच्या मॉडेलचा पिनांचा नकाशा मिळाला. त्यानुसार कायम बारा व्होल्टच्या पिनेला धन, अर्थच्या एका पिनेला ऋण आणि कॅनच्या (गाडीतील संगणकांच्या संभाषणाची लाइन) दोन पिनांना प्रोग्रॅमरच्या (ईसीएम वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाच्या) दोन तारा जोडल्या. पुरवठ्यासाठी कॅमेऱ्यांना लावतात तसला बारा व्होल्ट, पाच अँपिअरचा अडॅप्टर वापरला. प्रोग्रॅमर प्रत्येक वेळी ‘प्रतिसाद नाही’ असे सांगतो. मालिकेत लावलेल्या मीटरवर केवळ ०.०१ अँपिअर प्रवाह दिसतो, आणि कॅनच्या दोन्ही तारांवर अर्थच्या तुलनेत शून्य व्होल्ट येतात. दुसरा ईसीएम जोडला तरी हेच आकडे दिसतात.

माझी जोडणी चुकली आहे, की दोन्ही ईसीएम निकामी आहेत? कॅनच्या तारांमध्ये रेझिस्टर लावावा लागतो असे ऐकले आहे, तो कोठे आणि किती लावायचा? आणि पुढे लिहिण्याची वेळ येईल तेव्हा हा अडॅप्टर पुरेल का? मालकाची गाडी तीन आठवडे उभी आहे, त्यामुळे घाईत चूक होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे.


उत्तर १ (तुर्भे, नवी मुंबई)

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. एक ईसीएम पाण्याने खराब झालेला आणि दुसरा चालत्या गाडीतून निघालेला, तरी दोघेही नेमके सारखेच वागत असतील, तर दोष दोघांत सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे तुमच्या जोडणीत शोधायचा. ०.०१ अँपिअर याचा अर्थ ईसीएम मेलेला आहे असा नाही. तो झोपलेला आहे. चावी बंद करून उभ्या असलेल्या गाडीतही तो एवढाच किंवा याहून कमी प्रवाह घेतो. जागा झाल्यावर तोच काहीशे मिलिअँपिअर घेऊ लागतो.

जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकातील टर्मिनलांचे क्रमांक आपल्याकडच्या वायरिंग नकाशांतही सर्रास दिसतात, ते आधी मनात पक्के करावेत. ३० म्हणजे बॅटरीचा कायम धन, १५ म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा धन, ३१ म्हणजे अर्थ, आणि ८७ म्हणजे रिलेमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) बाहेर पडणारा पुरवठा. चावी फिरली की १५ क्रमांकाच्या तारेवर बारा व्होल्ट येतात, त्यामुळे ईसीएम जागा होतो आणि जागा झाल्यावर तो स्वतःच मेन रिलेच्या कॉइलचे एक टोक अर्थला ओढतो. रिले बसतो आणि ८७ मधून ईसीएमच्या दोन-तीन जाड पिनांना खरा पुरवठा मिळतो. तुम्ही फक्त ३० आणि ३१ जोडले, म्हणजे घराला वीज आली आहे, परंतु आत कोणी बटण दाबलेले नाही, अशी ही अवस्था आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘जवळच्या मॉडेलचा’ नकाशा कृपया बाजूला ठेवा. कपलर दिसायला सारखा असला तरी आतील पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि पाच व्होल्टच्या सेन्सर पुरवठ्याच्या पिनेवर चुकून बारा व्होल्ट गेले तर आज चांगला असलेला ईसीएमही जाईल. तुमच्याजवळ या नकाशापेक्षा अधिक विश्वासार्ह गोष्ट आहे, ती म्हणजे ती गाडी. ईसीएमचा कपलर काढलेला आहेच, तेव्हा हार्नेसच्या (गाडीतील तारांच्या जुडग्याच्या) बाजूने मोजमाप घ्या. ज्या पिना बॅटरी काढलेली असताना बॉडीशी जवळजवळ शून्य ओहम दाखवतात, त्या अर्थ. मग बॅटरी जोडून, चावी बंद असताना ज्यावर बारा व्होल्ट आहेत आणि टेस्ट लॅम्प लावल्यावर तो पूर्ण प्रकाशाने लागतो, ती ३०. चावी ऑन केल्यावरच ज्यावर व्होल्टेज येते, ती १५.

मेन रिलेची पिन ओळखण्याची रीत माझ्या उस्तादांनी शिकवलेली आहे आणि ती मी आजही वापरतो. त्या पिनेवर मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण ते रिलेच्या कॉइलमधून आलेले असतात. पण टेस्ट लॅम्पचे दुसरे टोक अर्थला ठेवून तिला स्पर्श केला तर दिवा लागत नाही, उलट रिले ‘टक्’ असा आवाज करून बसतो. तो बसलेला असताना ज्या पिनांवर नव्याने बारा व्होल्ट आले, त्या ८७ च्या पिना. काही गाड्यांत ३० ची स्वतंत्र पिन ईसीएमला दिलेलीच नसते, त्यामुळे ती सापडली नाही तर गोंधळून जाऊ नये. टेस्ट लॅम्प फक्त हार्नेसच्या बाजूला वापरायचा, ईसीएमच्या पिनांवर कधीही नाही. पेट्रोल गाडीवर हे करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण तिथे इंजेक्टरच्या तारांवरही ८७ मधून बारा व्होल्ट येतात आणि दिव्याच्या स्पर्शाने इंजेक्टर उघडू शकतो. डिझेल कॉमन रेलमध्ये इंजेक्टरची दोन्ही टोके ईसीएमकडेच जात असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

टेबलावर जोडताना अर्थच्या एका पिनेवर समाधान मानू नका, सगळ्या अर्थ पिना एकत्र आणून जोडा. १५ च्या तारेत एक साधा स्विच द्या. ८७ ला थेट धन जोडणारेही पुष्कळ आहेत आणि त्यावर काम होते, हे खरे. परंतु मी मात्र गाडीतील खरा रिले लावतो, कारण चावी बंद केल्यावर ईसीएम काही सेकंद रिले धरून ठेवतो, चालताना शिकलेली मूल्ये आणि दोषांच्या नोंदी स्वतःत साठवतो आणि मगच रिले सोडतो. खरा रिले असला की ही क्रिया संपल्याचा ‘टक्’ कानांनी ऐकू येतो. तो ऐकल्याशिवाय मी पुरवठा काढत नाही. प्रत्येक धन तारेत दोन-तीन अँपिअरचा फ्यूज असू द्या.


उत्तर २ (ऐरोली, नवी मुंबई)

तुर्भ्याच्या मित्रांनी पुरवठ्याविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, त्यामुळे मी कॅन लाइनविषयी आणि पाण्याविषयी लिहितो. मी औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो आणि कॅन आमच्याकडे यंत्रांतही वापरतात.

कॅन ही पद्धत बॉशने विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली, आणि पुढे तिचे आयएसओ ११८९८ हे मानक झाले. दोन पिळलेल्या तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असावा, असे ते मानक सांगते. म्हणून पूर्ण जोडलेल्या आणि पुरवठा बंद असलेल्या लाइनवर दोन तारांमध्ये ६० ओहम मोजले गेले पाहिजेत. इंजिनचा ईसीएम बऱ्याच गाड्यांत लाइनच्या एका टोकाला असतो आणि त्याच्या पोटातच १२० ओहमचा रेझिस्टर दिलेला असतो. तेव्हा अंदाजाने रेझिस्टर लावण्यापूर्वी पुरवठा पूर्ण बंद करून ईसीएमच्या दोन कॅन पिनांमध्ये मोजा. १२० आले तर प्रोग्रॅमरच्या बाजूला एकच १२० लावा. काही किलोओहम आले तर दोन्ही बाजूंना लावा. प्रोग्रॅमरमध्ये तो आधीपासून असू शकतो, त्यामुळे सगळे जोडून पुन्हा मोजायला विसरू नका. ४० ओहम आले तर कोठेतरी तिसरा रेझिस्टर आहे. गाडीच्या हार्नेसमध्ये या पिना शोधायच्या असतील, तर निदानाच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधील ६ क्रमांक म्हणजे कॅन हाय आणि १४ क्रमांक म्हणजे कॅन लो. मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारा वेगळा डबा) नसेल तर तिथून ईसीएमच्या कपलरपर्यंत सरळ कंटिन्युइटी (अखंड जोड) मिळते. त्याच सॉकेटची ७ क्रमांकाची पिन के-लाइनची (संभाषणाच्या जुन्या, एका तारेच्या लाइनची) असते, आणि जुन्या धाटणीच्या डिझेल ईसीएममध्ये संभाषण अजूनही तिच्यावरून चालते, म्हणून तीही जोडून ठेवावी.

ईसीएम जागा झाल्यावर दोन्ही कॅन तारांवर अर्थच्या तुलनेत सुमारे अडीच व्होल्ट दिसले पाहिजेत. संदेश पाठवताना हाय साडेतीनच्या आसपास चढते आणि लो दीडच्या आसपास उतरते. तुम्हाला शून्य दिसले, कारण तो झोपला होता. एक गोष्ट नवख्या माणसाला चक्रावून टाकते, ती येथेच सांगतो. कॅनवर पाठवलेल्या प्रत्येक संदेशाची पोच लाइनवरील निदान एका दुसऱ्या उपकरणाने द्यावी लागते. टेबलावर ईसीएम एकटाच असेल तर त्याला पोच देणारे कोणी नसते आणि तो एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. अशा वेळी मीटरवर हाय थोडे जास्त आणि लो थोडे कमी दिसते. हा दोष नव्हे. प्रोग्रॅमर योग्य वेगाने, म्हणजे बहुतेक गाड्यांत ५०० किलोबिट प्रति सेकंदाने जोडला गेला की ही पुनरावृत्ती थांबते.

आता पाण्याविषयी. जुन्या ईसीएमला आणखी एकदाही पुरवठा देण्याआधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करून पूर्ण वाळवा. ओल्या क्षारांतून प्रवाह गेला की तांबे आणि कथील झपाट्याने खाल्ले जाते, आणि खरे नुकसान पाण्यापेक्षा या विद्युत रासायनिक क्रियेने होते. झाकण उघडावे लागलेच, तर डिझेल ईसीएममध्ये इंजेक्टर चालवण्यासाठी बारा व्होल्टपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज साठवणारा कपॅसिटर असतो, हे ध्यानात ठेवून पुरवठा काढल्यावर पुरेसा वेळ थांबा. शिवाय कपलरवर क्षार वरच्या ओळीत आहेत की खालच्या, हे पाहून कृपया येथे कळवा. साचलेले पाणी खालून चढते. वरच्या ओळीत क्षार असतील तर पाणी कोठून आले याचा वेगळा विचार करावा लागेल.

आणि तो कॅमेऱ्यांचा अडॅप्टर वापरू नका. प्रवाहाची मर्यादा लावता येणारा बेंच पुरवठा घ्या, पहिल्या वेळी मर्यादा एक अँपिअरवर ठेवा, म्हणजे एखादी तार चुकली तरी धूर निघण्याआधी पुरवठाच दबेल. लॅमिंग्टन रोडला असे पुरवठे सहज मिळतात.


प्रश्नकर्त्याचे निवेदन (वागळे इस्टेट, ठाणे)

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी गॅरेज बंद ठेवून दिवसभर हेच केले.

गाडीच्या हार्नेसवर मोजमाप घेतल्यावर असे आढळले की इंटरनेटवरच्या नकाशातील दोन पिना आमच्या गाडीत पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी आहेत. ज्या पिनेला मी कॅन लो समजत होतो, ती प्रत्यक्षात एका सेन्सरची निघाली. मेन रिलेची पिन टेस्ट लॅम्पने तशीच सापडली जशी आपण सांगितली होती. बेंच पुरवठा आणून, १५ ला स्विच आणि खरा रिले लावून जोडल्यावर प्रवाह ०.०१ वरून ०.३८ अँपिअरवर गेला आणि रिले बसला. कॅनच्या पिनांमध्ये १२० ओहम आले, एक रेझिस्टर लावल्यावर ६०. दोन्ही ईसीएम पहिल्याच प्रयत्नात प्रोग्रॅमरशी बोलले. जुन्यातून गाडीचा चेसिस क्रमांक आला तो आरसीशी जुळतो. दुसऱ्यात अर्थातच परका क्रमांक आहे.

मग मनात प्रश्न आला की जुना टेबलावर चालत असेल तर तो बदलायचाच कशाला. परंतु भिंगातून पाहिल्यावर ८७ च्या दोन पिना मुळाशी निम्म्याहून अधिक खाल्लेल्या दिसतात, आणि त्यांवरची टर्मिनल किंचित हलवली तरी प्रवाह तुटतो. ऐरोलीच्या दादांनी विचारल्याप्रमाणे पाहिले, तर क्षार वरच्या दोन ओळींतच आहेत. खालची ओळ चकाकते आहे. याचा मी अजून उलगडा करू शकलो नाही.

आता नवी अडचण अशी की जुन्या ईसीएमचे वाचन खात्रीसाठी दोनदा केले, आणि दोन फायली एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. हलणाऱ्या पिनांमुळे वाचन बिघडले असेल का? अशा फायलीवर विसंबून लिहावे की नाही?


उत्तर ३ (कळवा)

लिहिण्यापूर्वी थांबून विचारलेत, हे फार चांगले केलेत. दोन फायली जुळल्या नाहीत म्हणजे वाचन बिघडलेच, असे नाही. फरक कोणत्या भागात आहे, हे आधी पाहावे लागेल.

तारेतल्या ढिलाईमुळे बाइट बदलण्याची शक्यता जवळपास नाही. कॅनच्या प्रत्येक संदेशासोबत पंधरा बिटांचा तपासणीचा आकडा जातो. संदेश वाटेत बिघडला तर तो नाकारला जातो आणि पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे सैल पिनेने वाचन तुटते, अडकते, पण चुकीचा बाइट मुकाट्याने फायलीत येत नाही. ईसीएममधील स्मरणाचे मात्र दोन वेगळे भाग असतात. फ्लॅशमध्ये प्रोग्रॅम आणि इंजिन कसे चालवायचे याचे तक्ते (मॅप) असतात. तो भाग ईसीएम स्वतःहून कधीच बदलत नाही, म्हणून दोन वाचनांतील फ्लॅश एकाही बाइटने वेगळा असता कामा नये. ईईप्रॉममध्ये, किंवा नव्या ईसीएममध्ये प्रोसेसरच्याच एका राखीव कप्प्यात, चेसिस क्रमांक, इमोबिलायझरचा डेटा, प्रत्येक इंजेक्टरचे जुळणीचे कोड, दोषांच्या नोंदी आणि काही मोजणीचे आकडे असतात. टेबलावर एकही सेन्सर जोडलेला नसल्याने प्रत्येक वेळी स्विच ऑन-ऑफ केल्यावर ईसीएम डझनावारी दोष नोंदवतो आणि बंद होताना ते साठवतो. दोन वाचनांच्या मध्ये तुम्ही स्विच बंद केला असेल, तर या भागात थोडे बाइट बदलणारच. तेव्हा दोन्ही फायली शेजारी ठेवून तुलना करा. फ्लॅश पूर्ण सारखा आणि फरक फक्त ईईप्रॉमच्या मोजक्या बाइटांत असेल तर निर्धास्त राहा. फ्लॅशमध्ये फरक असेल तर एक अक्षरही लिहू नका, पुरवठा आणि पिना पुन्हा तपासा. सगळ्यांत स्वच्छ रीत म्हणजे स्विच मध्ये बंद न करता लागोपाठ दोन वाचने घ्यावीत.

कोणी ईईप्रॉमच्या आठ पायांच्या चिपला बोर्डावरच चिमटा लावून वाचण्याचा सल्ला दिला, तर तो शक्यतो टाळा. चिमट्यातून दिलेला पुरवठा बाकीच्या सर्किटमध्ये झिरपतो, प्रोसेसर अर्धवट जागा होऊन त्याच चिपशी बोलू लागतो, आणि तिथे मात्र खरोखर चुकीचे बाइट येतात. कपलरच्या पिनांवरून काम होत असताना झाकण उघडण्याची गरजही नाही.

आता लिहिण्याविषयी, आणि हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी जूनमधल्या एका संध्याकाळी, कळव्यातच, मी एका व्हॅनच्या ईसीएममध्ये लिहीत होतो. ढग गडगडत होते, तरी वीस मिनिटांचे काम म्हणून सुरू केले. निम्मे लिहून झाले आणि वीज गेली. लिहिताना आधी जुना प्रोग्रॅम पुसला जातो आणि मग नवा तुकड्या-तुकड्याने भरला जातो, त्यामुळे त्या क्षणी आत जुनाही नव्हता आणि नवाही पूर्ण नव्हता. वीज परत आल्यावर ईसीएमने नेहमीच्या पद्धतीने एकही उत्तर दिले नाही. सुदैवाने सुरुवातीचा बूटलोडर (ईसीएमला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) वेगळ्या कप्प्यात असतो आणि नेहमीच्या लिखाणात तो पुसला जात नाही. प्रोग्रॅमरच्या पुनर्प्राप्तीच्या मार्गाने तिसऱ्या दिवशी ईसीएम परत उभा राहिला. पण ते तीन दिवस व्हॅनच्या मालकाचा धंदा बंद होता, आणि त्यांच्यासमोर उभे राहताना मला काय वाटत होते ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी लिहिताना विजेच्या जोडणीवर अजिबात अवलंबून राहत नाही. पूर्ण चार्ज केलेली, स्थिर असताना साडेबारा व्होल्टच्या वर उभी राहणारी ३५ अँपिअर-तासाची गाडीची बॅटरी टेबलाखाली ठेवतो, धन तारेत तीन अँपिअरचा फ्यूज देतो आणि त्यावरच ईसीएम चालवतो. अर्धा अँपिअर घेणारा ईसीएम त्या बॅटरीला दिवसभरातही दमवू शकत नाही. चार्जर तेव्हा काढून ठेवलेला असतो. लॅपटॉपही स्वतःच्या बॅटरीवर चालवतो, त्याची झोपी जाण्याची सोय आणि आपोआप होणारे अपडेट बंद करतो, आणि यूएसबीची केबल टेबलाला चिकटवतो, म्हणजे कोणाचा हात लागून ती निघणार नाही.

वाचलेली फाइल जशीच्या तशी उतरवायची असल्याने चेकसम (फाइल अखंड आहे हे ताडणारा आकडा) दुरुस्त करण्याची गरज नाही. प्रोग्रॅमरने विचारले तरी नकार द्या. आणि आधी दुसऱ्या ईसीएमचेही पूर्ण वाचन करून दोन ठिकाणी साठवा. परका असला तरी तो त्याचा मूळ डेटा आहे, आणि काही चुकले तर परतीचा रस्ता तोच. त्याच वेळी आतून वाचलेला हार्डवेअर क्रमांक बाहेरच्या स्टिकरशी जुळतो का तेही पाहा, कारण वापरलेल्या मालावर स्टिकर बदललेला असू शकतो.


उत्तर ४ (ऐरोली, नवी मुंबई)

क्षार फक्त वरच्या ओळींत असतील, तर वंदनाचे पाणी निर्दोष आहे असे मला वाटते. वायपरच्या खालच्या जाळीत पडणारे पावसाचे पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबल्या, तर ते पाणी थेट खालच्या वायरिंगवर गळते. गाडी झाडाखाली उभी राहते का, हे मालकांना विचारा. हार्नेसची तार कपलरच्या वरून येत असेल तर पाणी तारेवरून ओघळत थेट पिनांपर्यंत पोहोचते. हे कारण दूर न करता दुसरा ईसीएम बसवला, तर पुढच्या जुलैत तुम्ही पुन्हा येथेच प्रश्न विचाराल.

एक गोष्ट राहून गेली. दुसऱ्या ईसीएममध्ये लिहिण्याची परवानगी मागताना प्रोग्रॅमरने ७एफ २७ ३७ असे उत्तर दाखवले, तर घाबरून पुरवठा बंद-चालू करत बसू नका. गाडीच्या निदानाच्या आयएसओ १४२२९ या मानकात ३७ या संकेताचा अर्थ ठरलेली प्रतीक्षा अजून संपलेली नाही, एवढाच आहे. कोणीतरी पूर्वी चुकीच्या किल्ल्या (चावी नव्हे, परवानगीचे सांकेतिक आकडे) देऊन पाहिल्या असतील तर असे होते. स्विच ऑन ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. ३५ आले तर मात्र किल्लीच चुकीची आहे. तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत.


उत्तर ५ (तुर्भे, नवी मुंबई)

कागदपत्रांविषयी थोडेसे. ईसीएमची नक्कल करणे म्हणजे इमोबिलायझरची ओळख एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेणे. मालकाच्या आरसीची प्रत, त्यांची सही असलेले कामाचे पत्र आणि कुर्ल्याचे बिल एकत्र लावून ठेवा. जुना ईसीएम त्यांना परत करा. हे शिकल्यावर तुमच्याकडे ओळख नसलेली माणसे ईसीएम हातात घेऊन येतील, गाडी सोबत नसेल. ते काम घेऊ नका. तसेच ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी व्यवस्था) किंवा धूर गाळणारा फिल्टर प्रोग्रॅममधून बंद करून देण्याची मागणीही येईल, विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांसाठी. ठाण्याच्या हवेत आपलीच मुले श्वास घेतात, त्यामुळे मी ते काम करत नाही आणि तुम्हीही करू नये, अशी विनंती करतो.

काही अडले तर बुधवारी दुपारी जोडणीचे सगळे सामान घेऊन माझ्याकडे या. ठाणे-वाशी लोकलने तुर्भे स्थानकावर उतरलात की मी घ्यायला येईन.


प्रश्नकर्त्याचे निवेदन (वागळे इस्टेट, ठाणे)

काम झाले. क्रमाने सांगतो, म्हणजे पुढे कोणी हा प्रश्न शोधत आले तर त्यांना उपयोग होईल.

दोन फायलींची तुलना केली तेव्हा फ्लॅश पूर्णपणे सारखा होता. फरक ईईप्रॉमच्या चौदा बाइटांपुरता होता. स्विच बंद न करता लागोपाठ घेतलेली नवी दोन वाचने मात्र शेवटच्या बाइटपर्यंत जुळली, आणि तीच लिहिण्यासाठी वापरली. हलणाऱ्या दोन पिनांवरची टर्मिनल वाचनापुरती दोऱ्याने ताणून स्थिर केली होती. दुसऱ्या ईसीएमचा आतील हार्डवेअर क्रमांक स्टिकरशी जुळला. लिहिताना ३७ चा संकेत खरोखरच आला. स्विच ऑन ठेवून चहा घेऊन आलो, आणि दुसऱ्या प्रयत्नात परवानगी मिळाली. बॅटरी टेबलाखाली, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, बाहेर पाऊस. परंतु या वेळी वीज जाईल की राहील याची चिंता नव्हती. लिहून झाल्यावर रिले सुटल्याचा आवाज ऐकूनच पुरवठा काढला, आणि नंतर पुन्हा वाचून फ्लॅशची मूळ फायलीशी तुलना केली.

गाडीत बसवल्यावर चेसिस क्रमांक आरसीप्रमाणे आला, इमोबिलायझरचा दिवा लागून विझला आणि इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झाले. इंजेक्टरच्या डोक्यांवर छापलेले चारही कोड स्कॅनरमध्ये दिसणाऱ्या कोडांशी ताडून पाहिले, ते बरोबर उतरले आहेत. टेबलावर नोंदले गेलेले सव्वीस दोष पुसले. घोडबंदर रोडवर तासभर फिरवून आणल्यावर एकही परत आलेला नाही.

ऐरोलीच्या दादांचा तर्क खरा ठरला. मालकांची गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी राहते. वायपरखालची जाळी काढली तेव्हा उजव्या बाजूची निचऱ्याची नळी पाला आणि मातीने घट्ट बसलेली निघाली, आणि तिच्या बरोबर खाली ईसीएमचा कपलर आहे. नळी काढून धुतली, हार्नेसच्या बाजूची गंजलेली टर्मिनल बदलली, कपलरचा रबरी सील नवा बसवला आणि हार्नेस आधी वळसा घेऊन खालून कपलरमध्ये जाईल असा बांधला. मग जाळीवर दोन बादल्या पाणी ओतून पाहिले. सगळे पाणी चाकाच्या मागून बाहेर पडले आणि कपलर कोरडा राहिला.